यकृत-प्लीहा चित्रण : अवयवाचा आकार आणि अवयवाचे कार्य

प्रस्तावना

विल्हेल्म रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर अल्पावधीतच वैद्यकास अस्थींचे दर्शन घडू लागले. उदरातील अवयवांच्या वाट्याला मात्र हे भाग्य लवकर आले नाही. क्ष-किरण एखाद्या पदार्थात किती प्रमाणात शोषले जातात, हे त्या पदार्थाची घनता व त्यातील मूलद्रव्यांचे अणुक्रमांक यांवर अवलंबून असते. अस्थींमध्ये कॅल्शियम असल्याने त्या उठून दिसतात. फुप्फुसात हवा असल्याने त्याची छाया काळी येते. यकृत, प्लीहा, स्नायू आणि रक्त ही सर्व या दृष्टीने जवळजवळ पाण्यासारखीच आहेत. साध्या क्ष-किरण छायाचित्रात यकृताची खालची कडा आणि प्लीहेचे टोक पुसटसे दिसते, इतकेच. त्यामुळे सुमारे दीड किलोग्रॅम वजनाचे यकृत आणि डाव्या बरगड्यांआड दडलेली सुमारे दीडशे ग्रॅम वजनाची प्लीहा (बोलीभाषेतील पानथरी) यांविषयीचे ज्ञान दीर्घकाळ वैद्याच्या बोटांवर अवलंबून राहिले. प्लीहा बोटांना लागते तेव्हा ती बहुधा मूळ आकाराच्या दुपटी-तिपटीने वाढलेली असते, ही एकच गोष्ट या परीक्षेची मर्यादा सांगण्यास पुरेशी आहे.

आज ही स्थिती राहिलेली नाही. सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे आणि प्लीहेची लांबी सेंटीमीटरच्या दशांशापर्यंत नोंदविलेला अहवाल रुग्णाच्या हाती पडतो. परंतु अवयव दिसणे आणि अवयव काम करीत असणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत लेखात यकृत व प्लीहा यांच्या प्रतिमांकनाचा विचार या भेदाच्या अनुषंगाने केला आहे. त्यातही मुख्य भर किरणोत्सर्गी गंधक-कलिलाच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या चित्रणावर आहे. हे तंत्र आता बहुतांशी मागे पडले आहे. तथापि त्याने उघडकीस आणलेली एक गोष्ट महाराष्ट्रातील सिकलसेलग्रस्त बालकांच्या दृष्टीने आजही जीवनमरणाची आहे.

कण गिळणाऱ्या पेशी

यकृत व प्लीहा यांचे चित्रण एकत्र केले जाते ते केवळ हे अवयव एकाच उदरात आहेत म्हणून नव्हे. दोहोंमध्ये रक्तातील सूक्ष्म कण गिळणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने असतात. यकृतातील अशा पेशींचे वर्णन जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल फोन कुप्फर यांनी १८७६ मध्ये केले. त्या आज कुप्फर पेशी या नावानेच ओळखल्या जातात. यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा इत्यादी ठिकाणी विखुरलेल्या या भक्षकपेशींना लुडविग आशॉफ यांनी १९२४ मध्ये ‘जालिका-अंतःस्तरीय प्रणाली’ अशा एकाच नावाखाली आणले. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे चतुर्थांश रक्त यकृतातून वाहते आणि तेथील रुंद, सच्छिद्र केशवाहिन्यांच्या भिंतींना कुप्फर पेशी चिकटून बसलेल्या असतात. मृत पेशींचे अवशेष, जंतू किंवा बाहेरून आलेला एखादा कण समोरून गेला की त्या तो टिपतात. प्लीहेची रचना याहून सूक्ष्म आहे. तेथे रक्ताचा काही भाग वाहिन्यांतून बाहेर पडून मगजासारख्या जाळीत शिरतो आणि अरुंद फटींतून वाट काढीत पुन्हा शिरांमध्ये येतो. जुन्या, ताठरलेल्या तांबड्या पेशी या फटींतून पार होऊ शकत नाहीत व तेथेच नष्ट केल्या जातात.

यावरून एक कल्पना सुचते. पुरेसा लहान आणि यंत्राला ओळखता येईल असा कण रक्तात सोडला, तर या पेशी तो स्वतःच गोळा करतील आणि अवयवाचे चित्र आपोआप तयार होईल. कण जेथे पोहोचला तेथे रक्त पोहोचते आणि भक्षकपेशी जिवंत आहेत, असे ते चित्र सांगेल. ही कल्पना अचूक होती. तिचा पहिला मोठा प्रयोग मात्र वैद्यकाच्या इतिहासातील एक दुःखद प्रकरण ठरला.

थोरोट्रास्टचा धडा

थोरियमचा अणुक्रमांक ९० असल्याने त्याचे संयुग क्ष-किरणांना उत्तम प्रकारे अडविते. थोरियम डायऑक्साइडचे कलिल ‘थोरोट्रास्ट’ या नावाने १९३० च्या सुमारास बाजारात आले. ते शिरेवाटे दिले असता तत्काळ त्रास होत नसे आणि यकृत व प्लीहा क्ष-किरण छायाचित्रात स्पष्ट उमटत. पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या चित्रणासाठीही त्याचा वापर केला. जगभरातील असंख्य रुग्णांना पुढील दोन-अडीच दशके हे द्रव्य दिले गेले.

थोरियम-२३२ किरणोत्सर्गी आहे हे त्या काळी ज्ञात होते आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या संबंधित मंडळाने १९३२ मध्येच सावधगिरीचा इशाराही दिला होता. तथापि मात्रा अल्प आहे व चित्रे उत्तम येतात, या युक्तिवादापुढे तो टिकला नाही. कुप्फर पेशी जो कण पचवू शकत नाहीत तो त्या टाकूनही देत नाहीत, याचा पुरेसा विचार झाला नव्हता. थोरियम-२३२ चे अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षांचे आहे. यकृतात साठलेले थोरियम रुग्णाच्या आयुष्यभर तेथेच राहून अल्फा कण सोडीत राहिले. वीस-तीस वर्षांनंतर यकृतातील रक्तवाहिन्यांचा अत्यंत दुर्मीळ असा कर्करोग या रुग्णांत दिसू लागला. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, जपान इत्यादी देशांत अशा रुग्णांचा पुढे दीर्घकाळ पाठपुरावा केला गेला आणि संबंध निर्विवादपणे सिद्ध झाला.

या प्रकरणातील एक तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. थोरोट्रास्ट घेतलेल्या रुग्णांची प्लीहा पुढे किरणोत्सर्गाने आक्रसून तंतुमय होत असे. थोरियमचे कण तिच्यात अडकलेले असल्याने ती साध्या क्ष-किरण चित्रातही पांढरीशुभ्र आणि रेखीव दिसे. तिचे कार्य मात्र जवळजवळ थांबलेले असे. असे रुग्ण जंतुरक्ततेने दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. सर्वांत ठळक दिसणारी प्लीहा ही निकामी प्लीहा असू शकते, ही गोष्ट या नोंदींतच दडलेली होती.

टेक्नेशियमचे आगमन

थोरोट्रास्टची कल्पना बरोबर होती, द्रव्य चुकीचे होते. आवश्यकता होती ती शरीराबाहेरून मोजता येतील असे गॅमा किरण सोडणाऱ्या, परंतु काही तासांत निष्प्रभ होणाऱ्या द्रव्याची. १९५० च्या दशकात सोन्याच्या किरणोत्सर्गी समस्थानिकाचे, म्हणजे सोने-१९८ चे, कलिल यासाठी वापरले गेले. त्याच वेळी बेनेडिक्ट कॅसन यांनी शरीरावरून रेषेरेषेने फिरत किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र तयार केले होते. सोने-१९८ चे अर्धायुष्य २.७ दिवस आहे आणि ते बीटा कणही सोडते. यकृताला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा त्यामुळे मोठी असे आणि प्रतिमा अंधुक राही.

मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीतील ४३ व्या क्रमांकाची रिकामी जागा कार्लो पेरिए व एमिलिओ सेग्रे यांनी १९३७ मध्ये पालेर्मो येथे भरून काढली. बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या तुकड्यात त्यांना हे मूलद्रव्य आढळले. कृत्रिम रीतीने मिळालेले पहिले मूलद्रव्य म्हणून त्याचे नाव टेक्नेशियम ठेवण्यात आले. पुढील वर्षी सेग्रे व ग्लेन सीबोर्ग यांनी त्याचा टेक्नेशियम-९९एम हा अल्पायुषी प्रकार शोधला. त्याचे अर्धायुष्य ६ तास असून तो १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण सोडतो. शरीरातून बाहेर पडण्यास पुरेसे आणि तरीही स्फटिकात सहज अडविता येतील असे हे किरण आहेत. बीटा कणांचा उपद्रव जवळजवळ नाही. इतक्या सोयीच्या गुणांचे द्रव्य जवळपास वीस वर्षे उपयोगाविना पडून राहिले, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक गमतीची बाब म्हणावी लागेल.

सहा तासांत निम्मे होणारे द्रव्य दूरच्या रुग्णालयात न्यावे कसे, ही अडचण अमेरिकेतील ब्रुकहॅवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुटली. तेथे तयार झालेल्या जनित्रात मॉलिब्डेनम-९९ भरलेले असते. त्याचे अर्धायुष्य ६६ तास असून त्याच्या ऱ्हासातून टेक्नेशियम सतत निर्माण होत राहते. रोज सकाळी मिठाच्या द्रावणाने ते वेगळे काढून घ्यावयाचे. प्रयोगशाळेत या क्रियेला ‘दूध काढणे’ असेच म्हणतात आणि जनित्राला ‘गाय’. अर्थात ही गाय अणुभट्टीच्या दावणीला बांधलेली आहे. कॅनडातील चॉक रिव्हर येथील जुनी अणुभट्टी मे २००९ ते ऑगस्ट २०१० या काळात बंद पडली, तेव्हा जगभरातील रुग्णालयांना टेक्नेशियमची टंचाई जाणवली होती. भारतात आण्विक वैद्यकाचा पाया मुंबईत घातला गेला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अंतर्गत परळ येथे १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. समस्थानिकांच्या पुरवठ्याचे काम १९८९ पासून विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडे आहे.

शिकागो येथील पॉल हार्पर, कॅथरीन लॅथ्रॉप आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ च्या सुमारास टेक्नेशियमचे गंधक-कलिल तयार केले. त्याचे रसायन महाविद्यालयीन अध्यापकांस परिचित आहे. सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात आम्ल घातले असता गंधक बाहेर पडून द्रावण गढूळ होते. अभिक्रियेचा वेग मोजण्याचा हा प्रयोग पदवीपूर्व प्रयोगशाळेत नेहमी केला जातो. टेक्नेशियमच्या उपस्थितीत हीच अभिक्रिया उष्णता देऊन घडविली की सुमारे ०.१ ते १ मायक्रॉन व्यासाचे गंधकाचे कण तयार होतात व टेक्नेशियम त्यांत बंदिस्त होते. या कणांचा आकार जमणे फार महत्त्वाचे असते. ते फार मोठे झाले तर फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात. फार लहान राहिले तर अस्थिमज्जेकडे अधिक प्रमाणात जातात.

प्रतिमेचे वाचन

प्रत्यक्ष तपासणी साधी असते. रुग्णाच्या हाताच्या शिरेतून कलिल दिले जाते. दोन-तीन मिनिटांतच त्याचा निम्मा भाग रक्तातून नाहीसा होतो. पंधरा-वीस मिनिटांनी रुग्ण गॅमा कॅमेऱ्याखाली झोपतो आणि समोरून, पाठीकडून व बाजूंनी चित्रे घेतली जातात. हाल अँगर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कली येथे विकसित केलेल्या या कॅमेऱ्यात सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक असतो. गॅमा किरण आदळताच त्यात प्रकाशाचा क्षीण ठिपका उमटतो व त्याचे स्थान इलेक्ट्रॉनिक मंडलाने निश्चित होते. असे लक्षावधी ठिपके मिळून चित्र बनते.

निरोगी व्यक्तीत सुमारे ८० ते ८५ टक्के कलिल यकृतात, ५ ते १० टक्के प्लीहेत आणि उरलेले अस्थिमज्जेत जाते. समोरून घेतलेल्या चित्रात यकृत ढोबळमानाने त्रिकोणी दिसते. पाठीकडील चित्रात प्लीहा स्पष्ट दिसते, परंतु तिची तेजस्विता यकृताहून अधिक नसते. हे प्रमाण बदलले की चित्र बोलू लागते. सिऱ्होसिस या विकारात यकृतात तंतुमय ऊतकाचे जाळे पसरते. प्रवेशिका नीलेतील रक्त आडवाटेने निघून जाऊ लागते आणि कुप्फर पेशींपर्यंत कण पोहोचत नाहीत. अशा वेळी यकृत फिके पडते, प्लीहा उजळते आणि एरवी न दिसणारे पाठीचे मणकेही चित्रात उमटू लागतात. यकृतातील बिघाडाची बातमी येथे कण्याकडून मिळते. यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा गुठळीने बंद झाल्या असता (या विकाराला बड-कियारी असे नाव आहे) यकृताचा मागील बाजूचा छोटा पुच्छखंड मात्र तेजस्वी राहतो. कारण त्याच्या शिरा स्वतंत्रपणे महाशिरेत उघडतात. विकृतीचे कारण प्रतिमेच्या आकृतिबंधातून इतक्या थेटपणे वाचता यावे, असे प्रसंग वैद्यकात फार नाहीत.

या तंत्राचा मोठा दोष याच्या नेमका उलट आहे. कर्करोगाची गाठ, पाण्याची गाठ किंवा आमांशाच्या अमीबामुळे झालेली विद्रधी, यांपैकी कशातही कुप्फर पेशी नसतात. चित्रात या सर्वांच्या जागी एकसारखा रिकामा डाग दिसतो. दीड-दोन सेंटीमीटरहून लहान आणि खोलवरची गाठ तर दिसतही नाही. अपवाद आहे तो यकृतातील एका निरुपद्रवी गाठीचा. ‘स्थानिक गाठाळ अतिवृद्धी’ असे जिला म्हणता येईल, त्या गाठीत कुप्फर पेशी असल्याने ती बहुधा कलिल घेते आणि यकृताच्या इतर गाठींपासून वेगळी ओळखता येते.

१९७० च्या दशकात करड्या छटांची सोनोग्राफी आणि पाठोपाठ संपूर्ण शरीराचे सीटी स्कॅन आल्यावर गाठ शोधण्यासाठी कलिल-चित्रणाची गरज उरली नाही. विद्रधीतील पू सोनोग्राफीत द्रवरूप म्हणून ओळखू येतो. इतकेच नव्हे, तर त्याच वेळी सुईने तो काढताही येतो. या बाबतीत जुने तंत्र निवृत्त झाले ते योग्यच झाले. परंतु त्यामागचे तत्त्व निवृत्त झाले नाही. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकनासाठी लोह ऑक्साइडचे कण आले, तेही कुप्फर पेशीच गिळत असत. जपानमध्ये २००७ पासून सोनोग्राफीसाठी वापरले जाणारे ‘सोनाझॉइड’ हे सूक्ष्म बुडबुड्यांचे द्रव्यही त्याच पेशी टिपतात. केवळ प्लीहेचे चित्र हवे असेल तर रुग्णाच्याच तांबड्या पेशी टेक्नेशियमने चिन्हांकित करून सुमारे ४९.५ अंश सेल्सियसला तापविल्या जातात. किंचित बिघडलेल्या या पेशी प्लीहा वेचून घेते. शस्त्रक्रियेने प्लीहा काढल्यानंतरही उरलेली एखादी उपप्लीहा शोधण्यासाठी ही पद्धत फार उपयुक्त ठरते.

असूनही नसलेली प्लीहा

प्लीहा नसली तरी चालते, असे दीर्घकाळ मानले जात होते. इंडियाना येथील शल्यविशारद हॅरॉल्ड किंग व हॅरिस शूमॅकर यांनी १९५२ मध्ये या समजुतीला धक्का दिला. प्लीहा काढलेल्या ५ अर्भकांना पुढे गंभीर जंतुसंसर्ग झाल्याचे त्यांनी नोंदविले. न्यूमोकोकससारख्या जंतूंभोवती शर्करायुक्त आवरण असते आणि प्रतिपिंड चिकटल्याशिवाय ते यकृतातील पेशींच्या हाती सहज लागत नाहीत. लहान मुलांत हे प्रतिपिंड पुरेसे नसतात. अशा जंतूंना रक्तातून गाळण्याचे काम मुख्यतः प्लीहा करते. ते थांबले तर सकाळी आलेला ताप संध्याकाळपर्यंत प्राणघातक ठरू शकतो.

सिकलसेल आजाराच्या मुलांना अगदी हाच धोका असतो, हे बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आले होते. कोडे असे होते की यांपैकी अनेक मुलांची प्लीहा कोणी काढलेली नव्हती. उलट ती वाढलेली असून हाताला स्पष्ट लागत होती. हॉवर्ड पिअर्सन, रिचर्ड स्पेन्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचे टेक्नेशियम गंधक-कलिलाने चित्रण केले आणि १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. यकृत नेहमीसारखे उमटले होते. डाव्या बाजूला, जेथे बोटांना प्लीहा लागत होती, तेथे चित्रात काहीच नव्हते. या अवस्थेला त्यांनी ‘कार्यात्मक प्लीहाहीनता’ असे नाव दिले. विळ्याच्या आकाराच्या ताठर पेशी प्लीहेच्या अरुंद फटींत अडकतात आणि रक्त गाळणीला वळसा घालून निघून जाते. पुढील वर्षी पिअर्सन यांनी आणखी एक निरीक्षण नोंदविले. लहान वयात या मुलांना निरोगी रक्त दिले असता प्लीहा चित्रात पुन्हा उमटू लागते. प्लीहा मृत झालेली नव्हती. तिचा मार्ग तुंबला होता. मात्र वर्षे गेली की वारंवार रक्तपुरवठा खंडित होऊन ती आक्रसते आणि मग तिचे पुनरुज्जीवन होत नाही.

या एका चित्राने उपचाराची दिशा बदलण्यास हातभार लावला. प्लीहा लागते म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे ठरले. अमेरिकेत झालेल्या चाचणीत सिकलसेलग्रस्त लहान मुलांना दिवसातून दोनदा तोंडाने पेनिसिलिन दिले गेले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. ९ ते १८ महिने वयाच्या १९३ बालकांवर हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. या चाचणीत प्लीहेचे कार्य मोजण्यासाठी जुने कलिल-चित्रणच वापरले गेले. औषध सुरू करण्यापूर्वीच बहुसंख्य बालकांच्या प्लीहेचे कार्य उणावलेले आढळले. सामान्य चित्र होते ते जेमतेम सातांतील एकाचे. औषधाने वेदनांचे प्रसंग लक्षणीय घटले, परंतु प्लीहेच्या कार्यातील फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरला नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत झाली. महाराष्ट्रात हा आजार गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावतीचा मेळघाट आणि तिकडे नंदुरबार-धुळे या पट्ट्यात आढळतो. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा इत्यादी आदिवासी समाजांबरोबरच विदर्भातील अनुसूचित जातींतही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. ४० वर्षे वयापर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले.

अमेरिकेतील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. भारतातील सिकलसेलच्या जनुकीय पार्श्वभूमीत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक टिकून राहते व त्यामुळे आजार काहीसा सौम्य असतो, असे ओडिशातील रुग्णांच्या १९८६ मधील अभ्यासावरून दिसले. जमैकातील रुग्णांच्या तुलनेत त्यांची प्लीहा अधिक काळ वाढलेली राहते आणि तिचे कार्यही उशिरापर्यंत टिकते, असे त्यात आढळले. नागपूर परिसरातील मुलांच्या अभ्यासांतून मात्र आजाराची तीव्रता ओडिशाहून अधिक असल्याचे पुढे आले. म्हणजे एटापल्ली किंवा धडगाव येथील दहा वर्षांच्या मुलाच्या पोटात हाताला लागणारी प्लीहा कार्यक्षम आहे की निकामी, हे केवळ तिच्या आकारावरून सांगता येणार नाही. मलेरियाग्रस्त भागात तर प्लीहा वाढण्यास दुसरे कारणही असते.

येथेच अहवालाच्या भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘प्लीहा वाढलेली, अंतर्रचना सामान्य’ हे सोनोग्राफीच्या अहवालातील वाक्य खोटे नसते. ध्वनितरंगांना जे दिसले ते त्यात असते. ‘सामान्य’ हा शब्द वाचणारा मात्र तो कार्यालाही लागू करतो आणि सोनोग्राफी त्याविषयी काहीच बोललेली नसते. गॅमा कॅमेरा मोठ्या शहरांतच असल्याने प्रत्येक मुलाचे कलिल-चित्रण करणे व्यवहार्य नाही आणि किरणोत्सर्गाची मात्रा अल्प असली तरी ते इष्टही नाही.

सुदैवाने चित्राने जे दाखविले त्याची खूण रक्ताच्या एका थेंबातही सापडते. तांबडी पेशी अस्थिमज्जेतून बाहेर पडताना कधीकधी तिच्यात केंद्रकाचा बारीक अवशेष राहून जातो. निरोगी प्लीहा पेशी न फोडता तो काढून टाकते. प्लीहेचे कार्य थांबले की हे अवशेष, म्हणजे हॉवेल-जॉली पिंड, रक्तात तसेच फिरत राहतात. नेहमीच्या रंजकाने रंगविलेल्या काचपट्टीवर ते जांभळ्या, गोल ठिपक्यांसारखे दिसतात. पिअर्सन यांच्या मुलांच्या रक्तातही ते होते. त्यासाठी साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. असा सूक्ष्मदर्शक प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाच्या तपासणीसाठी असतोच, आणि त्याच काचपट्टीवर हे ठिपकेही पाहता येतात. मात्र कार्य बरेच उणावल्यावरच ते नजरेस येतात, त्यामुळे ते न दिसणे म्हणजे प्लीहा शाबूत असल्याचा पुरावा नव्हे. अधिक संवेदनक्षम पद्धतीत पृष्ठभागावर खड्डे पडल्यासारख्या दिसणाऱ्या तांबड्या पेशी मोजतात. त्यासाठी लागणारा विशेष सूक्ष्मदर्शक वैद्यकीय महाविद्यालयांच्या किंवा विज्ञान विभागांच्या प्रयोगशाळांत मिळू शकतो.

बोटांची परीक्षाही यामुळे निरुपयोगी ठरत नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे. सिकलसेलमध्ये काही वेळा रक्त अचानक प्लीहेत साठते, ती काही तासांत फुगते आणि मूल रक्तक्षयाने कोसळते. जमैकामध्ये पालकांना मुलाचे पोट चाचपून प्लीहा वाढली आहे का हे पाहण्यास शिकविले गेले. मुले वेळेवर रुग्णालयात येऊ लागली आणि या कारणाने होणारे मृत्यू घटल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. फुगलेली प्लीहा आईच्या बोटांना कळते. निकामी झालेली प्लीहा त्यांना कळत नाही. तिच्यासाठी काचपट्टी पाहावी लागते, आणि काचपट्टी पाहिली जाईपर्यंत सिकलसेलग्रस्त लहान मुलाचा प्रत्येक मोठा ताप प्लीहा नसलेल्या मुलाचा ताप समजूनच हाताळावा लागतो.